कंकणद्वीपाची चौथी आकृती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्राची पातळी वाढल्याने बुडू पाहणाऱ्या बेटांविषयी आपल्या अंकात अधूनमधून मजकूर येतो. तो मी नेमाने वाचते. नुकतीच मालदीवमधल्या एका भूशास्त्रीय अभ्याससहलीला जाऊन आले आणि त्या मजकुरात काय राहून जाते ते लख्ख दिसले, म्हणून हे पत्र.

मी तीस वर्षे भूगोल शिकवला. कंकणद्वीप, म्हणजे प्रवाळांचे बांगडीसारखे गोल बेट, म्हटले की फळ्यावर तीन आकृत्या ठरलेल्या. ज्वालामुखी बेटाला चिकटून वाढलेली प्रवाळभित्ती, मग बेट खचू लागल्यावर त्याच्यापासून लांब राहिलेली भित्ती, आणि बेट पार पाण्याखाली गेल्यावर उरलेले प्रवाळांचे गोल कडे. डार्विनने 1842 मध्ये मांडलेल्या या विचाराला पुढे भक्कम पुरावा मिळाला. प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक येथे 1950च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 1400 मीटर खोल भोक पाडले, तेव्हा प्रवाळांनी रचलेल्या चुनखडकाच्या तळाशी बेसॉल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा खडक, लागला. मालदीवखालीही तसाच ज्वालामुखी पाया आहे. दख्खनचा लाव्हा ज्या तप्तस्थळाने (पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येणाऱ्या जागेने) ओतला, त्याचेच ते पुढचे काम. मुलांना हे सांगताना मला फार आनंद व्हायचा.

पण त्या तिन्ही आकृत्यांत वाळू नव्हती, आणि माणसे राहतात ती वाळूवर.

पहिल्याच सकाळी आमच्या मार्गदर्शक बाईंनी चिमूटभर वाळू वहीच्या काळ्या पुठ्ठ्यावर पसरली आणि भिंग माझ्या हातात दिले. प्रवाळाचे पांढरे, कोनदार तुकडे. शिंपल्यांच्या कपच्या. हॅलिमीडा नावाच्या शैवालाचे चपटे पापुद्रे. एकही दगडाचा कण नाही. मग त्यांनी ती वाळू काचेच्या नळीत घालून वर सौम्य आम्लाचे थेंब सोडले. वाळू फसफसली, फसफसत राहिली, आणि शेवटी नळीच्या तळाशी काहीच उरले नाही. नदीची वाळू असती तर गारगोटीचे कण जसेच्या तसे राहिले असते. इथला कण न् कण कुठल्या ना कुठल्या जिवाने घडवलेला.

दुपारी पाण्यात डोके घातले तर करकर आवाज ऐकू आला. पोपटमासे चोचीने भित्ती खरवडत होते. शैवालाबरोबर चुनखडकही त्यांच्या पोटात जातो, घशातल्या दातांखाली दळला जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. त्या बेटाच्या वाळूत या माशांचा वाटा मोठा आहे, असे बाईंनी सांगितले.

ही वाळू एका जागी थांबत नाही. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत ती बेटाच्या एका बाजूला सरकते, ईशान्य वारे सुरू झाले की परत फिरते. किनाऱ्यापासून बरीच पावले आत, गुडघाभर पाण्यात, घट्ट झालेल्या वाळूच्या फरश्या तिरक्या पडलेल्या दिसल्या. किनारा एके काळी तिथे होता. शेजारच्या बेटावर हीच ये-जा अडवणारी काँक्रीटची भिंत घातलेली. भिंतीच्या एका अंगाला वाळूचा ढीग, दुसऱ्या अंगाला मुळे उघडी पडून कललेली झाडे. ती मुळे पाहताना मला खरेच वाईट वाटले.

1998 आणि 2016 मध्ये पाणी तापून मालदीवचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, त्यातले पुष्कळ मेले. समुद्राच्या लाटा बेटापर्यंत पोचण्याआधी मोडते ती हीच भित्ती, आणि वाळूचा पुरवठाही तिचाच. ती जिवंत असेल तर वाढत्या पाण्यासोबत वर चढू शकते. मेली तर झिजतच जाते.

म्हणून विनंती, की समुद्र किती मिलिमीटर चढला हे छापताना तिथल्या भित्तीवर जिवंत प्रवाळ किती उरले आहे, तेही त्याच बातमीत छापावे. भूगोल शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी फळ्यावर चौथी आकृती काढावी: बाहेर लाटा, मग भित्ती, तिच्यावर चोच घासणारा मासा, आणि आतल्या अंगाला वाळूचे बेट, दोन्ही बाजूंना बाण दाखवून.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका