सूचना : टेम्प्लेटमधले मॅक्रो वापरण्याआधी

सर्व सदस्यांना नमस्कार.

एक्सेलच्या टेम्प्लेटवर, म्हणजे नवीन फाइल बनवायच्या तयार नमुन्यावर, डबल-क्लिक केलं की मूळ फाइल नव्हे, तिची अजून सेव्ह न झालेली प्रत उघडते. नावापुढे 1 दिसतो. टेम्प्लेट एक्सएलटीएम (.xltm) प्रकारचं असेल तरच मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, प्रतीत येतात. एक्सएलटीएक्समध्ये (.xltx) ते राहतच नाहीत.

खरा घोटाळा सेव्ह करताना होतो. समोर एक्सएलएसएक्स (.xlsx) हा मॅक्रो न ठेवणारा फाइल-प्रकार निवडलेला असतो, घाईत आपण इशारा न वाचता पुढे जातो आणि फाइल पुन्हा उघडल्यावर मॅक्रो गायब! माझंही असं झालंय. म्हणून कळकळीची विनंती, प्रत एक्सएलएसएम (.xlsm) म्हणूनच सेव्ह करा.

प्रतीतलं बटण दाबल्यावर ‘रन-टाइम एरर 9’ आला, तर मॅक्रोच्या कोडमध्ये टेम्प्लेटचं नाव थेट लिहिलंय का ते बघा. त्या नावाची फाइल उघडीच नसते. तिथे ‘ThisWorkbook’ (धिसवर्कबुक) लिहा, म्हणजे कोड ज्या प्रतीत आहे तिच्यावरच चालेल.

मूळ टेम्प्लेटमध्ये बदल करायचा असेल तर राइट-क्लिक करून ‘ओपन’ निवडा.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो एक्सेल अडवतं. पाठवणारा खात्रीचा असेल तरच प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करा. शंका असेल तर आधी ग्रुपवर विचारा.