तिनं कमी मागितला म्हणून

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज सांगितलंस, की टीममध्ये नवी मुलगी घेतली आणि त्याच कामावर मार्चमध्ये लागलेल्या मुलापेक्षा तिला कमी पगार ठरला. "तिनं मागितलाच कमी, आई." मी तेव्हा काही बोलले नाही, पण रात्री झोप लागली नाही.

१९८३ साली मी फोर्टमधल्या एका ऑफिसात स्टेनो म्हणून लागले, हे तुला माहीत आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर माझ्याबरोबरच लागलेला एक स्टेनो होता. एकाच साहेबांचं डिक्टेशन आम्ही आलटूनपालटून घ्यायचो. माझ्या नेमणूकपत्रावर 'लेडी स्टेनो' होतं, त्याच्या पत्रावर नुसतं 'स्टेनोग्राफर'. त्या एका शब्दापायी मला महिन्याला दीडशे रुपये कमी मिळत होते. चार वर्षं मला याचा पत्ताच नव्हता, कारण पगार कुणी कुणाला सांगत नसे.

कळलं ते १९८७ च्या मार्चमध्ये. जेवणाच्या सुट्टीत एका मैत्रिणीनं पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली, आणि मग डबे बाजूला ठेवून आम्ही एकमेकींना पगार सांगितले. बातमी ऑड्री डिकोस्टा यांची होती. मॅकिनन मॅकेन्झी या मुंबईतल्या जहाज कंपनीत त्या स्टेनो होत्या. १९७७ साली त्यांची नोकरी गेली, तेव्हा पुरुष स्टेनोंपेक्षा आपल्याला पगार कमी होता म्हणून त्यांनी दाद मागितली. समान वेतनाचा कायदा तेव्हा नवाच होता. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, त्या वर्षी वटहुकूम निघाला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. पहिल्या पायरीवर बाई हरल्या. अपिलात जिंकल्या. मग कंपनी उच्च न्यायालयात गेली, तिथं हरली, तरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. दहा वर्षं रे!

कंपनीचं म्हणणं काय होतं, ते नीट वाच. या बायका बड्या अधिकाऱ्यांच्या 'कॉन्फिडेन्शियल' स्टेनो, म्हणून त्यांचं काम वेगळं. न्यायालयानं विचारलं ते एवढंच, की प्रत्यक्षात रोज काम काय करतात? पुरुष स्टेनो करतात तेच. त्या जागांवर कंपनीनं कधी पुरुष नेमलाच नव्हता. मग कंपनी म्हणाली, युनियनशी करार झालाय, पगार त्यातच ठरलेत. त्यावर उत्तर मिळालं, की करारानं कायदा मोडता येत नाही. शेवटी आमची ऐपत नाही, असंही सांगून झालं. मालकाची ऐपत बघून हा कायदा लागू होत नाही, असं न्यायालयानं बजावलं.

तुझं "तिनं मागितलाच कमी" मला त्या दुसऱ्या मुद्द्यासारखं वाटलं. युनियननं सही केली तरी जे चाललं नाही, ते एका नवख्या मुलीनं मान खाली घालून हो म्हटल्यावर कसं चालेल? ती कमी का मागते, तेही बघ. आधीच्या ठिकाणचा पगार विचारून तुम्ही पुढचा आकडा ठरवता. तिथं तिला कमी दिला असेल, तर ते कमीपण तिच्याबरोबर तुमच्याकडे आलं.

त्या बातमीचं कात्रण घेऊन आम्ही दोघी मॅनेजरकडे गेलो होतो. "तुमच्या यजमानांना पगार आहे ना?" असं त्यांनी विचारलं. मी परत आले आणि टाइपरायटरवर बसले. पुन्हा कधी विचारलं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. तुझ्या हातात आहे. तुझ्या सहीनं पगार ठरतो.

तिचा पहिला पगार अजून व्हायचा असेल, तर त्याआधीच एचआरला लिही. दोघांचा आकडा एक कर. ती आली आणि विचारलं तर देऊ, असं करू नकोस, ती विचारणार नाही. झालं की फोन कर, मी वाट बघते.

तुझी
आई