पाखंडी म्हणजे ढोंगी नव्हे

महोदय,

भक्तांना लुबाडणाऱ्या एका बाबाच्या अटकेची बातमी गेल्या आठवड्यात आपण ‘पाखंडी बाबा गजाआड’ अशा मथळ्याने छापली. हिंदीत पाखंड म्हणजे ढोंग, आणि वाहिन्यांवरून तोच अर्थ आता आपल्याकडे रुळू लागला आहे. पण मराठीत पाखंडी म्हणजे रूढ धर्ममत न मानणारा. हा फरक पुसला जाऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

माझे आजोबा गिरगावातल्या चाळीत राहत. वडिलांचे श्राद्ध घालणे त्यांनी बंद केले आणि ते पैसे दरवर्षी एखाद्या गरजू मुलाच्या फीसाठी देऊ लागले. शेजारचे काका गॅलरीत उभे राहून त्यांना तोंडावर ‘पाखंडी’ म्हणत. आजोबांचे उत्तर ठरलेले असे, “विश्वास नसताना पिंडाला हात लावला, तर ते ढोंग होईल.” ढोंगी मात्र त्यांना कोणीच म्हटले नाही, त्या काकांनीसुद्धा नाही.

मुळात या शब्दात निंदाही नव्हती. गिरनारच्या शिलालेखांत, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, अशोकाने ‘पासंड’ हा शब्द पंथ एवढ्याच अर्थाने वापरला आहे. राजा सर्व पासंडांचा आदर करतो, असे बाराव्या लेखात आहे; उगाच आपल्या पासंडाची थोरवी गाऊ नये आणि दुसऱ्याच्या पासंडाला नावे ठेवू नयेत, असेही त्यात बजावले आहे. पुढे वेद न मानणाऱ्यांना हा शब्द चिकटला आणि त्याची शिवी झाली. तरीही मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, ज्यांचा शब्दानेही सत्कार करू नये अशांच्या यादीत, पाषंडी वेगळा आणि ढोंगी वेगळा आहे. ढोंग्यांसाठी तिथे ‘बैडालव्रतिक’ म्हणजे मांजराचे व्रत धरणारा आणि ‘बकवृत्ती’ म्हणजे बगळ्यासारखा ध्यान लावणारा, असे शब्द आहेत. पाषंड्याचा इतका राग असलेल्या ग्रंथानेही त्याला बगळ्यांत बसवले नाही!

आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्यांच्या लेखी ते पाखंडीच होते. त्यांना आणि या लुबाडणाऱ्या बाबाला एकच विशेषण लागावे, हे मनाला लागते. मराठीत भोंदू आहे, ढोंगी आहे, दांभिक आहे. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण आहे. पुढच्या वेळी कृपया ‘भोंदू बाबा’ असे छापावे.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई