अकोल्याच्या मिस्त्रीभाऊंना जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीभाऊ,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव आणि दुकानाचा पत्ता जाहीर करू नये, ही आपली इच्छा मान्य करूनच हे पत्र लिहीत आहे. ज्यांच्या गाड्या आपल्या हाताखालून गेल्या आहेत, ते आपल्याला ओळखतीलच. तरीही चार लोकांनी वाचावे म्हणून हे उघडपणे लिहिण्याचे कारण असे, की आपण माझ्या गाडीची बॅटरी ज्या रीतीने तपासली आणि दोष पक्का झाल्यावरच ती बदलली, ती रीत प्रत्येक गाडीमालकाला ठाऊक असावी आणि स्वतःच्या गाडीसाठी त्याने तसाच आग्रह धरावा, असे मला मनापासून वाटते.

माझ्या वडिलांचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असते. मूर्तिजापूरहून पहाटे निघून अकोल्याला पोहोचायचे, चार तास ते यंत्रावर असतात आणि मग परत घरी. डायलिसिस झाल्यावर त्यांचा रक्तदाब खाली येतो, अंगात त्राण राहत नाही, आणि अशा अवस्थेत बंद पडलेल्या गाडीत बसून राहणे त्यांना अजिबात सोसत नाही. त्यामुळे डिसेंबरात गाडी सकाळी कुरकुरू लागली, सेल्फ मारला की इंजिन जड फिरू लागले आणि डॅशबोर्डवरचे दिवे त्या क्षणी मंद होऊ लागले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दुपारी ऊन पडल्यावर तीच गाडी काही घडलेच नसल्यासारखी चालू होत असे, त्यामुळे नेमके काय बिघडले आहे हेही कळत नव्हते. शेवटी एके दिवशी रुग्णालयाच्या आवारात किल्ली फिरवल्यावर नुसताच ‘टक-टक’ आवाज आला आणि तेथील वॉर्डबॉयने आपल्याला फोन लावला.

आपण दुचाकीवर एक बॅटरी आणि जाड वायरींची जोडी घेऊन आलात. त्या वायरी आपण कोणत्या क्रमाने लावल्या, तो क्रम मी आजही विसरलेले नाही. लाल वायरीचे एक टोक आमच्या बॅटरीच्या प्लसला, दुसरे आपल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी वायर आपल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचे उरलेले टोक आमच्या बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूवर. शेवटचा जोड लागताना ठिणगी उडतेच, बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन वायू साचलेला असू शकतो आणि म्हणून ती ठिणगी बॅटरीजवळ उडू द्यायची नाही, हे आपण वायर लावता लावता शांतपणे सांगितलेत. गाडी चालू झाली. वाटेत कुठेही बंद न करता थेट घरी नेण्याची आणि पुढच्या डायलिसिसच्या दिवशी वडील आत गेले की गाडी दुकानात आणण्याची सूचना आपण केलीत. ‘तपासायला वेळ लागतो ताई, घाईत सांगितलेलं खरं नसतं,’ हे आपले त्या वेळचे शब्द.

मधल्या काळात घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली होती. तेथे बॉनेट उघडून, इंजिनचा आवाज ऐकून, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) गेला असून तो बदलावा लागेल, असे सांगण्यात आले. व्होल्टेज मोजणारा मीटर कोणी हातात घेतला नाही. तो खर्च आमच्या महिन्याच्या औषधांच्या खर्चापेक्षा बराच जास्त होता.

आपल्याकडे मात्र सुरुवात प्रश्नांनी झाली. बॅटरी कधी बसवली, गाडी रोज किती चालते, मागाहून कोणकोणत्या वस्तू जोडून घेतल्या, पूर्वी कोणी पाणी भरले होते का. बॅटरीचे चौथे वर्ष सरत आले आहे, हे आपण वॉरंटी कार्ड आणि डब्यावरची तारीख ताडून पाहिले. नंतर टर्मिनलवरची निळसर-पांढरी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतलीत, क्लॅम्प आतून पॉलिश पेपरने घासलेत आणि घट्ट केलेत. पुष्कळ ठिकाणी काम इथेच संपते, कारण सैल किंवा गंजलेला टर्मिनल हेही गाडी चालू न होण्याचे नेहमीचे कारण आहे. आपण मात्र स्वच्छ केलेल्या जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटरच्या पिना टेकवून, सेल्फ फिरत असताना तिथे व्होल्टेज वाया जात नाही, हे पाहिले आणि इंजिनला गाडीच्या बॉडीशी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचीही तशीच परीक्षा घेतली. जोड निर्दोष ठरले, म्हणजे दोष अजून सापडायचा होता.

गाडी नुकतीच रस्त्यावरून आली असल्यामुळे बॅटरीच्या आतील शिशाच्या पत्र्यांवर वरवरचा चार्ज बसलेला असतो आणि मीटर खोटा मोठा आकडा दाखवतो, म्हणून आपण हेडलाइट काही वेळ चालू ठेवून बंद केलेत, थोडा वेळ थांबलात आणि मगच मोजलेत. आकडा आला १२.४ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते आणि १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, असे आपण सांगितल्यावर मला वाटले, की बॅटरी तर ठीकच आहे. आपण मान हलवून इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढलात, म्हणजे इंजिन चालू न होता नुसते फिरेल, आणि मला किल्ली फिरवायला सांगून मीटर माझ्याकडे वळवून धरलात. १२.४ चा आकडा माझ्या डोळ्यांदेखत कोसळून ८.२ वर आला. चांगली बॅटरी सेल्फच्या ओढीखालीही साधारण ९.६ च्या वर राहिली पाहिजे. विश्रांतीत भरलेली दिसणारी बॅटरी ओझे पडताच मोडते, ही गोष्ट आकड्यांतून पाहिल्यावर सकाळच्या मंद होणाऱ्या दिव्यांचा अर्थ मला पहिल्यांदा लागला.

त्यानंतर अल्टरनेटर. इंजिन चालू असताना १४.२, आणि हेडलाइट, पंखा, मागची काच तापवणारी तार असे सगळे एकदम लावल्यावर १३.९. ‘याला काहीही झालेलं नाही,’ असे आपण म्हणालात, आणि जो भाग बदलण्यासाठी आम्ही पैशांची जुळवाजुळव करत होतो तो भाग निर्दोष आहे, हे आपण काही मिनिटांत सिद्ध केलेत. एवढ्यासाठीच मी आपली जन्मभर ऋणी राहीन.

तरीही आपण बॅटरीवर शिक्का मारला नाहीत. गाडी उभी असताना कुठून तरी चोरटा प्रवाह जात असेल, तर नवी बॅटरीही काही दिवसांत बसेल, म्हणून मायनसची वायर सोडवून तिथे मीटर जोडलात, दारे लॉक केलीत आणि गाडीतील सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपी जाईपर्यंत अर्धा तास वाट पाहिलीत. प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या आत होता. ५० पर्यंत तो सहसा चालतो. या अर्ध्या तासात आपल्याला दुसरे गिऱ्हाईक सहज करता आले असते. आपण आमच्या गाडीजवळच होतात.

शेवटी हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजणारी नळी. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. चष्मा लावून, मला दूर उभे करून आपण बॅटरीची सहाही झाकणे उघडलीत. कारच्या बॅटरीत साधारण दोन-दोन व्होल्टची सहा घरे असतात, आणि त्यांतील आम्लाची घनता प्रत्येक घर किती भरले आहे ते सांगते, हे आपण एकेका घरातील द्रव काचेच्या नळीत ओढून, तरंगणारी काडी माझ्या नजरेच्या पातळीवर धरून दाखवलेत. पहिल्या दोन घरांत १.२४५ च्या आसपास. तिसऱ्या घरात काडी एकदम खाली गेली : १.१४०. पुढची तिन्ही पुन्हा १.२४० ते १.२५०. एका घरात ०.०५० पेक्षा जास्त फरक पडला की ते घर गेले असे समजायचे. इथे फरक त्याच्या दुप्पट होता. पाणी सगळीकडे पत्र्यांच्या वर होते, म्हणजे पाण्याअभावी हे घडलेले नव्हते. एका घराची कमतरता बाकीची पाच घरे विश्रांतीत झाकून नेतात आणि सेल्फ मारताना ती उघडी पडते, म्हणूनच १२.४ ने मला फसवले होते.

इतके झाल्यावर नवी बॅटरी विकायला कोणाचीच हरकत नव्हती, माझीही नव्हती. तरीही चार्जर लावून एक शेवटची संधी द्यायला हवी, असे आपले मत पडले. वडिलांच्या येण्या-जाण्यात खंड पडू नये म्हणून आपण स्वतःची एक बॅटरी आमच्या गाडीत बसवून दिलीत आणि आमची ठेवून घेतलीत. पुढच्या फेरीला मी आले, तेव्हा कागदावर दोन रकाने लिहिलेले होते, चार्ज करण्यापूर्वीचे आणि नंतरचे. पाच घरे १.२६५ च्या पुढे गेली होती, तिसरे घर १.१५० वरच अडकले होते. तो कागद मी गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवला आहे.

डिसेंबरच्या थंडीत हे का घडले, असे मी विचारले, तेव्हा आपण उलट मे महिन्याकडे बोट दाखवलेत. वऱ्हाडात पारा ४५ अंशांपुढे जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त तापते, उष्णतेने पत्र्यांची जाळी आतून गंजते आणि पाणी उडते. मात्र उन्हाळ्यात इंजिन सहज फिरत असल्यामुळे ही इजा लक्षात येत नाही. थंडीत इंजिनचे तेल घट्ट होते, बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, आणि तेव्हा उन्हाळ्यातले दुखणे वर येते. तापमान २५ अंशांच्या वर साधारण आठ-दहा अंशांनी चढे राहिले, तर बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा एक ढोबळ नियम नंतर माझ्याही वाचनात आला. आपल्या भागात चौथे वर्ष गाठलेल्या बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही, हे आपले म्हणणे त्यामुळे मला पूर्ण पटले.

नवी बॅटरी निवडताना ३५ अँपिअर-तास क्षमतेचीच घ्यायची, प्लस कोणत्या बाजूला आहे ते पाहायचे, नाहीतर वायर पोहोचत नाही, आणि डब्यावरची तारीख जुनी असेल तर परत पाठवायची, इतके सगळे आपण मला समोर बसवून पाहिलेत. बसवण्यापूर्वी नव्या बॅटरीलाही मीटर लावलात. काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी, कारण मायनस जोडलेली असताना प्लसवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्टसर्किट होते. खालचा क्लॅम्प आवळून, बॅटरी हाताने हलवून पाहिलीत, कारण सैल बॅटरीचे पत्रे रस्त्याच्या धक्क्यांनी झिजतात, आणि मूर्तिजापूरच्या वाटेवर धक्के कमी नाहीत. टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवलात. घड्याळ पुन्हा लावावे लागेल आणि इंजिन थोडा वेळ अस्थिर चालेल, हे आधीच सांगून ठेवल्यामुळे परतीच्या वाटेवर मला घाबरायला झाले नाही. नवी बॅटरी सेल्फच्या ओढीखाली १०.८ वर राहिली. हा आकडा आपण वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून दिलात.

जुनी बॅटरी आपण उभीच ठेवून परत घेतलीत, तिची किंमत बिलातून वजा केलीत, आणि ती भंगारवाल्याकडे न जाता कंपनीच्या संकलनात जाईल, हे स्पष्ट केलेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर ही जबाबदारी टाकली आहे. पण दुकानदाराने ती बॅटरी योग्य हाती दिली नाही, तर नियम कागदावरच राहतो आणि शिसे व आम्ल नाल्यात जाते. आपल्याला त्याची काळजी आहे, याचे मला मोल वाटते.

एका गोष्टीचा उल्लेख मुद्दाम करते. आपण तपासणीचे पैसे बिलात वेगळे लावलेत. काहींना ते खटकेल; मला तेच सर्वांत योग्य वाटले. तपासणीला स्वतंत्र किंमत असेल, तर मिस्त्रीला काही तरी विकण्याची घाई राहत नाही, आणि बॅटरी चांगली निघाली असती तरी आपली मेहनत फुकट गेली नसती. निदान हेच एक पूर्ण काम आहे, असे मानून चोख मोबदला घेणारी माणसे वाढावीत, असे मला वाटते. आमच्या बाबतीत त्या थोड्या रुपयांनी अल्टरनेटरचा सगळा खर्च वाचवला.

आता पहाटे गाडी पहिल्या प्रयत्नात चालू होते. वडील मागच्या सीटवर निश्चिंत बसतात आणि त्यांनी आपल्याला मुद्दाम नमस्कार कळवायला सांगितले आहे. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी पाण्याची पातळी आणि चार्जिंग तपासून घ्यावे, असे आपण सांगितले होते. त्याप्रमाणे मार्चमधल्या एका फेरीला वडिलांना आत सोडून मी गाडी दुकानावर आणते. त्या दिवशीची तपासणीची फी आपण नेहमीप्रमाणे लावावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
मूर्तिजापूरहून येणारी आपली एक ग्राहक