दुकानातला प्रकल्प आणि ड्युई

महोदय,

कालच्या पुरवणीतला अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांच्यावरचा लेख वाचला. 'कृतीतून शिक्षण' एवढ्यात त्यांना गुंडाळून लेखक लिहितात की, आज आपल्या शाळांत होणारे प्रकल्प हे ड्युईंच्याच विचारांचं फळ. हे वाचून राहवलं नाही.

माझी नात पाचवीत आहे. गेल्या हंगामात तिला 'कापूस ते कापड' हा प्रकल्प होता. झेरॉक्सच्या दुकानात या विषयाचा छापील तक्ता तयार मिळतो. पोर झोपल्यावर सुनेनं चित्रं कापली, चिकटवली, फाइलला चकचकीत कव्हर घातलं. श्रेणी मिळाली अ-1. आम्ही राहतो अकोटला! शाळेच्या कुंपणापलीकडे कापसाची वेचणी चालू होती, पण वर्गात एक बोंड आलं नाही. गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, "काका, तपासणीला फाइल दाखवावी लागते."

ड्युईंनी 1896 साली शिकागो विद्यापीठात काढलेल्या शाळेतही कापूस होता. तिथं मुलांच्या हातात सरकीसकट कापूस दिला. एका गटानं अर्धा तास सरकी काढली, तरी एक औंस, म्हणजे 28 ग्रॅमसुद्धा रुई निघाली नाही. जुन्या काळी त्यांचे पूर्वज सुतीऐवजी लोकरीचे कपडे का घालत, हे त्या पोरांना स्वतःच्या बोटांनी कळलं. तिथून मग यंत्रं, इतिहास, भूगोल. नुसते हात चालले की शिक्षण झालं, असं ड्युई कधीच म्हणाले नाहीत. प्रत्येक अनुभवातून शिक्षण होतंच असं नाही, हे त्यांनी 1938 मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं आहे. ते लेखात कुठेच नाही.

आणखी एक. बाबासाहेबांचा उल्लेख 'त्यांचे एक विद्यार्थी' एवढाच? अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या या गुरूचं ऋण त्यांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये स्वतः नोंदवलं आहे. लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नव्हे, ती एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे, हा त्यातला विचार ड्युईंच्याच लेखनातून आलेला. 1952 च्या जूनमध्ये कोलंबियाची मानद पदवी घ्यायला बाबासाहेब न्यूयॉर्कला निघाले आणि 1 जूनला ड्युई गेले. भेट राहूनच गेली. महाराष्ट्रातल्या दैनिकानं हे नातं एका ओळीत उरकावं, याचं वाईट वाटतं. येत्या 1 जूनला या दोघांवर पूर्ण पान द्यावं, ही विनंती.

एक आजोबा, अकोट (जि. अकोला)