सुभेदारसाहेब, आत्याने तुमचा कागद स्वतः वाचला

आदरणीय सुभेदारसाहेब,
सादर नमस्कार.

नाव कुठे येऊ देऊ नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून घेत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

आमच्या घरात पणजोबांविषयी एवढंच माहीत होतं की पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकमधल्या बसऱ्याला गेले ते परतलेच नाहीत. आजोबा तेव्हा तान्हे होते. मागे राहिलं ते चांदीचं एक पदक. गेल्याची तारीखच ठाऊक नसल्याने त्यांचा म्हाळ सर्वपित्रीला घालायची रीत पडली.

तुमच्याआधी ज्यांची दारं ठोठावली, त्यांची आठवण अजून बोचते. एका कार्यालयातल्या साहेबांनी पदक हातातही न घेता "साध्या शिपायाचं आता काय सापडणार?" म्हणत वाटेला लावलं. दुसऱ्या एका गृहस्थांनी आगाऊ पैसे घेऊन भलत्याच पलटणीतल्या शिपायाची नोंद गळ्यात मारली, का तर पदकावरचा नंबर जुळतो. त्या काळी नंबर पलटणीपुरताच असे, हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तुम्ही पहिल्याच फोनवर पदकाच्या कडेवरची अक्षरं वाचायला सांगितलीत. १०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री. ऐकताच म्हणालात, "अहो, ही तर आमची जंगी पलटण!" हे तिचं टोपणनाव, तेही तेव्हाच कळलं. त्यानंतर तुमच्या तोंडी 'तुमचे पणजोबा' आलंच नाही. 'आपला जवान' असंच म्हणत राहिलात.

इराकमधल्या कूत शहराला तुर्की फौजेने घातलेला वेढा आम्हाला तुमच्यामुळे कळला. ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधली ही पलटण डिसेंबर १९१५ पासून तिथे अडकली. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले, पण कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस शिवलंही नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि उपाशी, आजारी कैद्यांना उन्हातून बगदाद, मोसुल करत आजच्या सीरियातल्या रास अल-ऐनकडे चालवत नेलं, रेल्वेच्या कामावर जुंपलं. पणजोबांच्या मृत्यूची नोंद त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली.

बसऱ्याच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं नाही, हेही तुम्ही सरळ सांगितलंत. तिथे ब्रिटिशांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत; हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. नावं राहिली नोंदवहीत. आत्याला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणं सोपं होतं. तुम्ही ते केलं नाहीत.

आणि मग तुमचं पाकीट आलं. त्यावर नाव माझं नव्हतं, आत्याचं होतं. आत इंग्रजी नोंदीची प्रत आणि तिच्यासोबत तुमच्या हातचा एक कागद, ठसठशीत मराठी अक्षरांत: नंबर, शिपाई, नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी, पलटण, तारीख. एका ओळीत एकच गोष्ट. आत्याने पंच्याऐंशी ओलांडलीय, शाळा चौथीपर्यंत. आजवर तिच्या आजोबांबद्दलचं जे काही आलं, ते कोणीतरी तिला वाचून दाखवलं, तेही घाईघाईत. हा कागद तिने ओळीखाली बोट फिरवत स्वतः वाचला. गावाच्या नावापाशी थांबली, म्हणाली, "बरोबर लिहिलंय." पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला मध्ये बोलू दिलं नाही.

साहेब, नोंद शोधणारे आणखीही कोणी भेटले असते. पण ती वाचणार कोण, वाचणारीचे डोळे कसे, भाषा कोणती, एवढा विचार करणारं माणूस भेटायला भाग्य लागतं. कोणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसे मिळणार नव्हते. तुम्ही तर टपालाचा खर्चही घेतला नाहीत.

तिथी श्रावणातली निघाली. यंदा श्राद्ध त्याच दिवशी केलं.

आता एक विनंती. शेजारच्या गावात संगमरवरी पाटी आहे, त्या युद्धात गावातून किती गेले आणि किती मेले एवढंच सांगणारी. नाव एकाचंही नाही. तुमच्या कागदाची बातमी तिथवर गेली आणि दोन घरांनी आपापली पदकं आणून दिली. कडेवरची अक्षरं नीट उतरवून घेतली आहेत. पाठवू का?

आपला कृतज्ञ,
जंगी पलटणीतल्या एका शिपायाचा पणतू