कवळी बसेपर्यंतचे सूप

लाइपझिग, जर्मनी
रविवार, दि. 5 ऑक्टोबर 2025

ती. सौ. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

बाबांचे खालचे उरलेले दातही काढले आणि कवळी बसायला अजून महिना-दीड महिना जाईल, असे तू गुरुवारी फोनवर सांगितलेस. त्यावर "मग त्यांना सूप करून दे" असे मी सहज म्हणून गेलो आणि तू लगेच विचारलेस की, नुसत्या कोमट पाण्यावर माणसाचे पोट कसे भरायचे. फोन ठेवल्यावर वाटले की तुझा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे सूप म्हणजे लग्नाच्या जेवणावळीत उभ्याने प्यायचे, कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेले लाल पाणी, नाहीतर आजाऱ्याचे पथ्य. आजीच्या लेखी तर सूप एकच, धान्य पाखडायचे. इथे येईपर्यंत मीही त्याच मताचा होतो. गेल्या तीन वर्षांत बागेतल्या भाज्यांनी माझे मत कसे बदलले आणि परसातल्या भाज्यांवर तुला काय करता येईल, ते सविस्तर लिहितो, कारण फोनवर तू अर्धे ऐकतेस आणि मग दुधाकडे पळतेस.

आमची बाग घराला लागून नाही, हे तुला ठाऊक आहे; सायकलने वीस मिनिटांवर, रेल्वेच्या रुळांपलीकडे आहे. अशा भाड्याच्या बागांना इथे 'श्रेबरगार्टन' म्हणतात आणि त्यांचा उगम याच गावचा. 1864 साली इथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी एक मंडळ काढले आणि त्याला नुकत्याच वारलेल्या डॉ. श्रेबर यांचे नाव दिले. मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आखले गेले, मुलांना त्यांचा कंटाळा आला आणि ते वाफे आईबापांच्या गळ्यात पडले. आज या बागांना 1983 चा स्वतंत्र कायदा आहे. बाग चारशे चौरस मीटरपेक्षा, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे चार गुंठ्यांपेक्षा मोठी नसावी, खोपटे चोवीस चौरस मीटरच्या आत असावे, त्यात कायमचे राहू नये. शिवाय साधारण एक-तृतीयांश जागेत फळे आणि भाज्या पिकवाव्यात, अशी अपेक्षा असते. नुसती हिरवळ राखून आरामखुर्ची टाकली, तर मंडळाचे पत्र येते. आमच्या वाट्याला जेमतेम अडीच गुंठे आले आहेत. पण एक-तृतीयांशाच्या त्या नियमामुळेच ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दोन माणसांच्या घरात एवढी भाजी येते की, तिचे सूप करण्यावाचून गत्यंतर नसते.

शेजारच्या बागेत सत्तरी ओलांडलेल्या एक आजीबाई आहेत. सुपाचा पहिला धडा त्यांच्याकडून मिळाला. मी पहिल्या वर्षी मोठ्या उत्साहाने सुपात जिरे, आले, लसूण, मिरी आणि वर गरम मसाला घालून त्यांना वाडगाभर नेऊन दिले. त्यांनी ते सगळे संपवले आणि मग विचारले, यात भाजी कोणती होती? आमटीतली भाजी थोडी शिळी असली, तरी गोडा मसाला आणि चिंचगूळ तिला सांभाळून घेतात. सुपात तिला सांभाळणारे कोणी नसते. म्हणून भाजी कोणत्या दिवशी काढली आणि ती कोणत्या पाण्यात शिजली, या दोन गोष्टींवरच सगळी चव उभी राहते. परसात भाजी असलेल्या माणसाला हे बाजारावर अवलंबून असलेल्या माणसापेक्षा सोपे जाते, आणि तुझे परस तर आमच्या बागेहून केव्हाही सरस.

आधी पाण्याचे सांगतो. इथे किराणा दुकानात 'झुपनग्र्यून' नावाची जुडी बांधून मिळते, म्हणजे सुपाचा हिरवा पाला: एक-दोन गाजरे, सेलरीच्या कंदाचा तुकडा, लीकचा बुंधा आणि पार्सलीच्या चार काड्या. वाईच्या बाजारात भाजीवाली कोथिंबीर, कढीपत्ता आणि आल्याचा तुकडा एकत्र देते, त्याच जातीचा हा प्रकार. लीक म्हणजे कांद्याचा उंच, सौम्य भाऊबंद. त्याचा बुंधा पांढरा राहावा म्हणून त्याला वरचेवर मातीची भर द्यावी लागते आणि त्यामुळे पानांच्या थरांत वाळू जाऊन बसते. तो उभा चिरून वाहत्या पाण्याखाली धुतला नाही, तर सूप दाताखाली करकरते. बाबांना तूर्तास तो त्रास नाही, असे लिहिण्याचा मोह झाला होता. त्यांना हे वाक्य वाचून दाखवू नकोस.

तुला लीक किंवा सेलरी शोधत फिरण्याचे कारण नाही. गाजराची साले आणि शेंडे, कांद्याच्या पातीचा हिरवा भाग, कोथिंबिरीच्या जाड काड्या, टोमॅटोचे देठाकडचे तुकडे, एखादा अर्धा कांदा त्याच्या आतल्या स्वच्छ सालीसकट (सालीने पाण्याला सोनेरी रंग येतो) आणि चार मिरे हे सर्व दीड-दोन लिटर गार पाण्यात घालून मंद आचेवर पाऊण तास ठेव आणि गाळून घे. पाणी खळखळ उकळू देऊ नकोस आणि मीठ आता घालू नकोस. पुढे पाणी आटते आणि मीठ तेवढेच राहते. कोबी, फ्लॉवर आणि मुळा यांतले काहीही या पातेल्यात टाकू नये, कारण ते जास्त वेळ शिजले की गंधकासारखा वास सुटतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. बीटही नको, सगळे लाल होते आणि बाबा त्याला औषध म्हणतील. माझ्या मते सुपाचे निम्मे काम हे पाणी करते, आणि आपण नेमके तेच उकिरड्यावर टाकत आलो.

आता पोट भरण्याचा तुझा प्रश्न. त्याला इथले उत्तर बटाट्याचे सूप हे आहे. बटाटे विकत घेताना इथे पिशवीवर स्पष्ट लिहिलेले असते की, ते शिजल्यावर अखंड राहणारे आहेत की पिठूळ. सुपाला पिठूळच हवेत. तुझ्याकडे तशी चिठ्ठी नसेल, तेव्हा एक बटाटा उकडून पाहा: साल फुटून तो रव्यासारखा मोकळा झाला, तर चांगला, पातळ सालीचा नवा बटाटा बहुधा चिकट राहतो. दोघांसाठी अर्धा किलो बटाटे, एक मोठे गाजर आणि एक कांदा घे. कांदा लोण्यावर अगदी मंद परतायचा, तो मऊ आणि पारदर्शक व्हावा, तांबूस होऊ नये. मग बटाटा आणि गाजर घालून दोन मिनिटे परत, लिटरभर गाळलेले पाणी ओत आणि झाकण ठेवून शिजव. कुकर लावलास तरी चालेल, पण शिट्टी एकच पुरे.

यानंतरची चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ती सविस्तर लिहितो. शिजलेला बटाटा मी मिक्सरमध्ये फिरवला आणि पातेल्यात पतंगाला लावायची खळ तयार झाली. शिजताना बटाट्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगलेला असतो. पाते वेगाने फिरले की फुगलेल्या पेशी फुटतात, तो स्टार्च बाहेर पडतो आणि सगळे तारेसारखे ताणले जाते. आजीबाईंनी मला लाकडी घोटणी दाखवली, तेव्हा मला आपल्या ताकाच्या खांबाजवळची रवी आठवली. तू डाळ घोटतेस त्याच छोट्या रवीने बटाटा घोट. थोडे कण राहिले, तरी ते हिरडीने सहज चेपले जातात.

या सुपात इथले लोक शेवटी एक पाला चुरडून घालतात, त्याला 'मायोरान' म्हणतात. पहिल्या वेळी तो नाकाशी नेला आणि मी एकदम आपल्या अंगणात, तुझ्या मागे उभा होतो. आई, तो मरवा आहे! तू अबोलीच्या गजऱ्यात गुंफतेस, तोच मरवा इथे बटाट्याच्या सुपात जातो. तुझ्या सुनेला हे पटेना. तिने फोटो शोधून दोन्ही एकच वनस्पती असल्याची खात्री करून घेतली आणि मग आठवडाभर वेणीत काय माळायचे व पानात काय वाढायचे, यावर आमच्या घरी विनोद चालले. तुळशीजवळचा तुझा मरवा अजून असेल, तर त्याची सात-आठ पाने आच बंद केल्यावर घाल. उकळले की वास उडून जातो.

सध्या मात्र घरात भोपळ्याचे राज्य आहे. इथे तो मे महिन्याच्या मध्याअगोदर बाहेर लावत नाहीत. 11 ते 15 मे हे पाच दिवस पाच संतांचे मानले जातात, त्यांतली शेवटची 'थंडी सोफी' गेल्याखेरीज हिवाची भीती सरत नाही, असा जुना ठोकताळा आहे. बाबा मृगाकडे डोळे लावून बसतात, तसे आजीबाई सोफीकडे. आमच्या नारिंगी भोपळ्याला इथे 'होक्काइडो' म्हणतात. तो किलो-दीड किलोचा असतो आणि त्याची साल शिजून मऊ होते, म्हणून सोलावा लागत नाही. तुझा लाल भोपळा सोलावाच लागेल आणि त्यात पाणीही जास्त असते. तेव्हा त्याच्या फोडी आधी तव्यावर थोड्या तुपात कडा तांबूस होईपर्यंत परत, मग मूठभर मूगडाळीबरोबर शिजव. मूगडाळ ही माझी भर आहे, इथे कोणी ती घालत नाही. पण बाबांच्या अंगात ताकद राहावी म्हणून ती हवीच. भोपळ्याला मिक्सर चालतो. गंमत म्हणजे या सुपात इथले लोक आले आणि नारळाचे दूध घालतात आणि आम्हांलाच विचारतात की, हे तुम्हांला तिखट तर लागणार नाही ना.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे लिहितो. दुधी चिरण्यापूर्वी तू देठाकडची चकती जिभेला लावून पाहतेस आणि कडू लागली तर अख्खा दुधी टाकून देतेस, त्याला मी लहानपणी हसत असे. 2015 साली दक्षिण जर्मनीत हायडनहाइम येथे एक वृद्ध गृहस्थ बागेत पिकवलेली कडू झुकिनी खाल्ल्यानंतर दगावले. भोपळा, दुधी, काकडी, झुकिनी ही सगळी एका कुळातली. त्यांच्यात कधीकधी कुकुर्बिटासिन नावाचे कडू विष उतरते, विशेषतः शोभेच्या भोपळ्यांशी संकर झालेले घरचे बी पेरल्यावर, आणि ते शिजवून जात नाही. सुपात सर्व भाज्या एकजीव होतात, तेव्हा चकती चाखण्याची तुझी सवय भोपळ्यालाही लाव आणि कडवट वाटले तर काटकसर करू नकोस.

टोमॅटोबद्दल तुला सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही. ऑगस्टमध्ये आठ दिवस पाऊस लागला, करपा पडला आणि बारापैकी नऊ झाडे काळी पडून गेली; इथे लोक टोमॅटोवर छप्पर का घालतात, ते तेव्हा कळले. शिवाय तुझ्या टोमॅटोच्या सारापुढे इथले कोणतेही टोमॅटो सूप उभे राहत नाही. ते सार बाबांना चालेलच. फक्त हिरड्या भरून येईपर्यंत मिरची वगळ आणि सगळे कोमटच दे, कढत नको.

प्रारंभ बटाट्यापासून कर. बाबा पहिल्या दिवशी "भाकरी कुठे आहे" असे विचारतील. तेव्हा ज्वारीची भाकरी कुस्करून सुपात भिजवून दे, इथेही शिळा पाव तसाच भिजवतात. मीठ किती लागले, ते मला कळव.

उद्या कोजागरी आहे. दूध आटवायचे मोठे पातेले सध्या गाजराच्या साली आणि लीकच्या पाल्याच्या पाण्याने भरलेले आहे, ते रात्री गाळून रिकामे करायचे आहे. बाबांना साष्टांग नमस्कार, चिंगीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
धाकटा